मामा भाच्याच्या पाया पडतो तेव्हा



मराठीत ‘मामा’ या शब्दाला दोन चेहरे आहेत. एक चेहरा लाडाचा. चंद्र आपला चांदोमामा, आणि सुट्टी लागली की ज्याच्या गावाची ओढ लागते तोही मामाच. दुसरा चेहरा पुराणातून आलेला. कंस मामा, शकुनी मामा. कुणी घरात काड्या घालायला लागला की आपण पटकन म्हणतो, “हा तर शकुनीमामा निघाला!” आणि कुणाला फसवलं तर त्याचा ‘मामा केला’ म्हणतो.

आता चला रायपूरला. नोकरीधंद्यासाठी इथे आलेल्या मराठी माणसाला शेजारच्या छत्तीसगढी घरात एक गोष्ट हमखास चकित करते. पन्नाशीचा मामा पाच वर्षांच्या भाच्यासमोर वाकतो आणि त्याच्या पायांना हात लावतो. आपल्याकडे लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं, इथे नेमकं उलटं! कारण विचारलं तर उत्तर एका ओळीत मिळतं: राम आमचा भाचा आहे.

रायपूरपासून साधारण २५ किलोमीटरवर चंदखुरी नावाचं गाव आहे. तिथे तळ्याच्या मधोमध कौसल्यामातेचं मंदिर आहे आणि तिच्या मांडीवर बाळ राम आहे. हा सगळा भाग पूर्वी दक्षिण कोसल म्हणून ओळखला जायचा. कौसल्या ही इथली लेक, चंदखुरी हे तिचं माहेर, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. मग तिचा मुलगा या मातीचा कोण लागतो? भाचा, म्हणजेच छत्तीसगढीत ‘भांचा’. म्हणून इथे प्रत्येक भाच्यात थोडा राम पाहतात, भाचीलाही तोच मान देतात.

गंमत पाहा. अयोध्येतून पाहिलं तर राम हा राजा. दंडकारण्यातून पाहिलं तर तो वनवासी. लंकेतून पाहिलं तर दारात आलेला शत्रू. आणि चंदखुरीतून पाहिलं तर तो बहिणीचं लेकरू. रामायणाची गोष्ट तीच राहिली, बदलली फक्त पाहणाऱ्याची उभी राहण्याची जागा. आणि त्या एका बदलाने एका प्रदेशातल्या मामा-भाच्यांचं वागणं बदललं!

आजचा विषय हाच आहे. आपण निबंधात, लेखात, भाषणात पुराणातले दाखले देतो. ते दाखले नेमकं काय काम करतात? आणि चांगला दाखला वाचणाऱ्याची नजर कशी बदलतो?

शिक्का की खिडकी?

आपल्या रोजच्या बोलण्यात पुराणातली माणसं सारखी ये-जा करत असतात. उशिरा उठणारा कुंभकर्ण, इकडचं तिकडे सांगणारा कळीचा नारद, हट्टाने घेतलेली भीष्मप्रतिज्ञा, कधीच न रिकामी होणारी द्रौपदीची थाळी. असे दाखले सोयीचे असतात. चार वाक्यांचं काम एका शब्दात होतं आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

पण याच सोयीत एक धोका आहे. सून म्हणाली, “आम्हाला वेगळं घर बघायचंय.” कुणीतरी म्हणालं, “कैकेयी आली घरात!” संपलं. आता तिला वेगळं घर का हवंय, सध्याची खोली लहान पडते का, तिच्या नोकरीची वेळ काय, हे कुणीच विचारणार नाही. एका शब्दाने निकाल लागला. असा दाखला म्हणजे शिक्का. तो माणसावर मारला की माणूस दिसायचा बंद होतो.

आता त्याच कैकेयीकडे जरा थांबून पाहू. रणांगणात जखमी झालेल्या दशरथाला तिने वाचवलं होतं, म्हणून त्याने तिला दोन वर दिले होते. म्हणजे मागण्याचा हक्क तिचाच होता. तिने मागितलं काय, हा प्रश्न वेगळा, आणि तिथे तिचं चुकलंच. पण ‘हक्क’ आणि ‘मागणी’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एकदा दिसलं की सुनेच्या वाक्याकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहायला लागतो. हा दाखला म्हणजे खिडकी. ती उघडली की आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं.

अशी एक सुंदर खिडकी आपल्या भाषेत आधीपासून आहे: ‘खारीचा वाटा’. सेतू बांधला वानरांनी, मोठमोठे दगड उचलून. वाल्मीकींच्या रामायणात त्या खारीची गोष्ट नाही. ती लोकांनी नंतर जोडली. का जोडली असेल? कारण सेतूकडे कुणीतरी खारीच्या उंचीवरून पाहिलं. मोठ्या कामात आपल्यासारख्या लहानाचं काय, या प्रश्नाला त्या इवल्याशा जिवाने उत्तर दिलं. आज वर्गणी देताना शंभर रुपये देणाराही अभिमानाने म्हणतो, “माझा खारीचा वाटा.”

इरावतीबाईंनी विचारलेला प्रश्न

मराठी निबंधात या खिडक्या उघडणाऱ्यांमध्ये इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचं नाव अगदी वर येतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये त्या मानवशास्त्र शिकवायच्या. महाभारतातल्या माणसांवर त्यांनी लिहिलेल्या लेखांचं ‘युगान्त’ हे पुस्तक १९६७ मध्ये आलं आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या असंख्य पोथ्या ताडून जी चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिचा आधार त्यांनी घेतला होता.

भीष्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? त्याग. वडिलांच्या सुखासाठी राज्य सोडलं, लग्न सोडलं. शाळेच्या निबंधात भीष्म येतो तो इथेच थांबतो. इरावतीबाई पुढे जातात आणि एक साधाच प्रश्न विचारतात: या त्यागाची किंमत कुणी कुणी मोजली? मग रांगेने बायका दिसायला लागतात. स्वयंवरातून उचलून आणलेल्या अंबा, अंबिका आणि अंबालिका. त्यातल्या अंबेचं तर सगळं आयुष्यच उद्ध्वस्त झालं. आंधळ्या नवऱ्याशी लग्न लावून दिलेली गांधारी. कुंती आणि माद्री. प्रतिज्ञा एका पुरुषाची, भोग मात्र इतक्या जणींच्या वाट्याला आला.

भीष्म लहान झाला का यामुळे? मला नाही वाटत. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायका पहिल्यांदा उजेडात आल्या. ‘घरासाठी मी एवढं केलं’ असं म्हणणाऱ्या कुठल्याही कर्त्या माणसाकडे पाहताना, त्या ‘एवढ्या’चा भार आणखी कुणी उचलला, हे विचारायची सवय आपल्याला लागली.

याच पुस्तकात खांडववनाचीही गोष्ट येते. पांडवांच्या मयसभेचा थाट आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्याआधी खांडववन जाळलं गेलं होतं. आगीतून पळणाऱ्या जिवांना कृष्णार्जुनांनी वाट सुटू दिली नाही. त्या वणव्यातून मोजकेच जीव वाचले. त्यात मय होता, तक्षकाचा मुलगा अश्वसेन होता आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं होती. राजवाड्यातून पाहिलं तर ही नव्या नगराची सुरुवात. पिल्लांच्या घरट्यातून पाहिलं तर जग संपल्याचा दिवस.

छत्तीसगढमध्ये राहणाऱ्याला ही खिडकी फार जवळची वाटते. या राज्याच्या ४० टक्क्यांहून अधिक भूभागावर जंगल आहे आणि त्याच जंगलाखाली कोळसा आणि लोखंडही आहे. रस्ता हवा, वीज हवी, हे खरंच. पण ‘विकास’ या विषयावर निबंध लिहिणाऱ्या मुलाने एकदा खांडववनातल्या घरट्यात डोकावून पाहिलं, तर त्याच्या निबंधात एक बाजू नक्की वाढेल.

तंबुऱ्याची गदा होते

आता महाभारताकडे पाहण्याची खास छत्तीसगढी जागा पाहू. ती म्हणजे पंडवानी. हातात तंबुरा आणि करताल घेऊन, साथीदारांच्या संगतीने महाभारताची कथा गाऊन सांगायची ही लोककला. तिच्या दोन शैली सांगतात. बसून, ग्रंथाला धरून गायची ती वेदमती. उभं राहून, अभिनय करत, कथेत शिरून सांगायची ती कापालिक.

दुर्ग जिल्ह्यातल्या गनियारी गावच्या तीजनबाई यांनी ही कापालिक शैली उचलली. बायकांनी गायचंच तर बसून, असा रिवाज होता. उभं राहून, गर्जना करत गाणाऱ्या या मुलीला समाजाने बाहेर काढलं. पुढे तीच पंडवानी त्यांनी देशोदेशी नेली. २००३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण.

त्यांच्या हातातला तंबुरा पाहण्यासारखा असायचा. क्षणात तो भीमाची गदा व्हायचा, क्षणात अर्जुनाचं धनुष्य, तर कधी दुःशासनाचा हात. वस्तू एकच, पण ती ज्याच्या हातात आहे असं मानलं, त्याच्या नजरेने पुढची कथा दिसायला लागते. उत्तम दाखला लिहिणाऱ्याच्या हातात असाच फिरतो.

पंडवानीत कथेच्या मध्यभागी बहुतेक वेळा भीम असतो. उपदेश करणारा कृष्ण किंवा नेम न चुकणारा अर्जुन यांच्यापेक्षा शेतात राबणाऱ्या लोकांना भरपूर जेवणारा, पटकन चिडणारा, अंगाने काम करणारा भीम जवळचा वाटला असणार. ग्रंथात तो दुसरा भाऊ, इथे तो नायक.

आणि इथेच एक सुंदर योग दिसतो. महाभारताच्या शेवटी पांडव हिमालयाकडे निघतात. वाटेत द्रौपदी पहिल्यांदा कोसळते. भीम विचारतो, ही का पडली? युधिष्ठिर म्हणतो, पाचांत तिचं मन अर्जुनाकडे जास्त होतं, म्हणून. आणि मागे न पाहता तो पुढे चालू लागतो. इरावतीबाई मात्र द्रौपदीजवळ थांबतात. पडलेल्या द्रौपदीच्या शेजारी त्या भीमाला आणून बसवतात. आपल्यावर खरं प्रेम कुणी केलं, हे तिला त्या क्षणी उमगतं असं लिहितात. आणि हा भाग व्यासांचा नाही, ही माझी भर आहे, हेही त्या वाचकाला स्पष्ट सांगतात. पुण्याच्या अभ्यासिका आणि छत्तीसगढचे गायक यांच्या वाटा किती वेगळ्या! तरी दोघेही भीमापाशी येऊन थांबले.

धनुष्य खाली ठेवलेला माणूस

रायपूरच्या मराठी माणसांनी अभिमानाने घ्यावं असं एक नाव म्हणजे माधवराव सप्रे. जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा. घरची भाषा मराठी, पण आयुष्यभर लिहिलं हिंदीत. १९०० मध्ये पेंड्रा इथून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढलं. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ मधली कथा हिंदीतल्या अगदी सुरुवातीच्या कथांपैकी मानली जाते. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे.

लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी १९०७ मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या दबावापुढे त्यांनी माफीनामा दिला आणि ते सुटले. पण ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. पुढे काही काळ ते सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन रायपुरात समर्थ रामदासांच्या विचारांत रमले. ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. आणि त्यानंतर टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा मोठा ग्रंथही हिंदीत आणला.

‘गीतारहस्य’ने काय केलं, ते निबंधाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावं. गीता म्हणजे संसार आटोपल्यावर वाचायचा ग्रंथ, अशी अनेकांची समजूत होती. थोर आचार्यांनी तिच्यात ज्ञान पाहिलं, संन्यास पाहिला, भक्ती पाहिली. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. ग्रंथाचा अर्थ ठरवताना त्याची सुरुवात आणि शेवट पाहावा, हा मीमांसकांचा जुना नियम त्यांनी लावला. सुरुवातीला काय आहे? अर्जुन धनुष्य खाली ठेवून बसला आहे. शेवटी काय आहे? तू सांगतोस तसं करीन, असं म्हणून तो उभा राहिला आहे. ऐकून तो रानात गेला नाही, कामाला लागला. मग हा ग्रंथ काम सोडायला सांगणारा कसा असेल? टिळकांनी हे १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं आणि १९१५ मध्ये पुस्तक छापून आलं.

श्लोक तेच होते. प्रश्न बदलला, आणि म्हातारपणाचं पुस्तक तरुणांच्या हातात गेलं.

सप्रेजींनी हा ग्रंथ ओळीओळीने हिंदीत आणला, तेव्हा पहिल्या अध्यायातला तो खाली बसलेला अर्जुन त्यांना कसा दिसला असेल? हे कुठे लिहिलेलं नाही, पण मला राहून राहून वाटतं, ज्याने स्वतः एकदा धनुष्य खाली ठेवलं होतं, त्याला तो अर्जुन दूरचा वाटला नसणार. पुढे त्यांनी चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतावरच्या ग्रंथाचाही ‘महाभारत मीमांसा’ या नावाने हिंदी अनुवाद केला. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. तोपर्यंत त्यांची लेखणी थांबली नव्हती.

राजनांदगावचा मनू

रायपूरहून सुमारे ७० किलोमीटरवर राजनांदगाव. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. हेही मराठी घरातले आणि लिहिणारे हिंदीत. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले नामवंत कवी.

जयशंकर प्रसाद यांचं ‘कामायनी’ हे महाकाव्य प्रलयातून वाचलेल्या मनूची कथा सांगतं. श्रद्धा आणि इडा या त्यातल्या दोन स्त्रिया. सगळे तिला आदिमानवाची गोष्ट म्हणून वाचत होते. मुक्तिबोधांनी ‘कामायनी : एक पुनर्विचार’ या पुस्तकात म्हटलं की हा मनू वेदकाळातला नाहीच. हा आपल्या काळातला माणूस आहे. स्वतःतच बुडालेला, सत्ता हवी असणारा आणि हरल्यावर पळ काढणारा. पुराणाचा पोशाख काढला आणि आत शेजारचा माणूस निघाला. कदाचित आपण स्वतःच.

पुराणातला माणूस दूर ठेवला तर त्याची पूजा होते किंवा निंदा. जवळ आणला तर तो आरशासारखा वागतो.

अंगठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे

आणखी एक उदाहरण थेट मुलांच्या वहीतलं. ‘गुरुभक्ती’ या विषयावरच्या निबंधात एकलव्य ठरलेला. गुरूंनी अंगठा मागितला, त्याने हसत दिला, धन्य तो शिष्य! निबंध इथे संपतो.

पण गोष्ट अंगठ्याच्या बरीच अलीकडे सुरू होते. निषादांचा हा मुलगा शिकायला आला होता आणि द्रोणांनी त्याला घेतलं नाही. तो मातीची मूर्ती करून एकटा शिकला, कारण त्याला वर्गात जागा नव्हती. या जागेवरून पाहिलं तर ही भक्तीची गोष्ट तर आहेच, पण नाकारलेल्या प्रवेशाचीही आहे.

आज देशभर आदिवासी मुलांसाठी सरकारच्या ‘एकलव्य आदर्श निवासी शाळा’ आहेत. छत्तीसगढमध्येही त्या बऱ्याच आहेत. शाळेला एकलव्याचं नाव देण्यात एक उत्तर दडलेलं आहे: ज्याला गुरूने दारातून परत पाठवलं, त्याच्याच नावाने आता दार उघडलं आहे. ही ओळ एखाद्या दहावीच्या मुलीने निबंधात लिहिली, तर तपासणारा पेन खाली ठेवून ती पुन्हा वाचेल.

घरी करून पाहा

आता थोडं कामाचं बोलू. समजा, मुलाला ‘माझे आजोबा’ हा निबंध लिहायचा आहे. आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत. पहिला प्रयत्न असा असतो: ‘माझे आजोबा भीष्म पितामहांसारखे महान आहेत.’ वाक्य चांगलं आहे, पण त्यातून आजोबा दिसत नाहीत. कुणाचेही आजोबा तिथे बसतील.

मुलाला विचारा, भीष्म शरपंजरी पडले तेव्हा काय झालं? त्यांचं डोकं मागे लोंबत होतं, म्हणून त्यांनी उशी मागितली. राजे धावले आणि मऊ मऊ उशा घेऊन आले. भीष्मांनी त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडे पाहिलं. अर्जुनाने तीन बाण मारून त्यांच्या डोक्याला आधार दिला. भीष्म समाधान पावले. तहान लागली तेव्हाही तेच झालं. इतरांनी गार पाण्याचे घडे आणले, अर्जुनाने मात्र जमिनीत बाण मारून पाण्याची धार वर काढली.

आता दुसरा प्रयत्न: ‘आजोबांसाठी सगळे काही ना काही आणतात. काका महागडी उशी घेऊन आले, आत्याने फळं आणली. पण आजोबांना हवं असतं ते कुणी तरी पेपर मोठ्याने वाचून दाखवायला. भीष्मांना मऊ उशी नको होती, हे फक्त अर्जुनाला कळलं होतं. मी रोज संध्याकाळी पेपर वाचतो.’

बघा, काय झालं. आधी आपण आजोबांकडे खालून वर पाहत होतो. आता त्यांच्या अंथरुणावरून खोलीकडे पाहतो आहोत. सेवा म्हणजे आपल्याला द्यावंसं वाटतं ते देणं, की त्यांना हवं ते ओळखणं? एवढा मोठा प्रश्न एका उशीने विचारला. आणि हा प्रश्न फक्त निबंधाचा नाही, आपल्यापैकी अनेकांच्या घरातला आहे.

दुसरं उदाहरण लक्ष्मणरेषेचं. वयात आलेल्या मुलीला घरोघरी ऐकवलं जातं, “लक्ष्मणरेषा ओलांडू नकोस.” वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही, ती नंतरच्या कथांतून आली. पण आता ती भाषेत पक्की बसली आहे, तर तिच्याकडेही नीट पाहू. सीता रेषेबाहेर आली ती दारातल्या भिक्षेकऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून. आणि तो भिक्षेकरी वेष बदलून आला होता. मग दाखला नेहमी आत असलेल्या मुलीलाच का ऐकवायचा? वेष बदलून आलेल्याबद्दल घरातल्या मुलांशीही बोलायला हवं की नको? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर करताना पंतप्रधानांनीही घराच्या उंबऱ्याला लक्ष्मणरेषा म्हटलं होतं. तेव्हा ती रेषा घरातल्या प्रत्येकासाठी होती, बाप्यांसाठीसुद्धा. रेषा कुणासाठी आहे, हे बदललं की तिचा अर्थही बदलतो.

पुराणातला दाखला वहीत उतरवण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारायला सांगा.

पहिला: ही गोष्ट मी कुणाच्या बाजूला उभा राहून सांगतोय?

दुसरा: या प्रसंगात आणखी कोण हजर होतं, ज्याला कुणी काही विचारलं नाही?

तिसरा: हा दाखला दिल्यावर माझ्या विषयातलं काय नव्याने दिसतं? काहीच दिसत नसेल, तर दाखला काढून टाकायचा. निबंध सुटसुटीत होईल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट. नजर बदलणं म्हणजे पाटी उलटी फिरवणं नाही. ‘रावण चांगला आणि राम वाईट’ असं लिहिलं की काहीतरी नवीन केलं, असं काहींना वाटतं. पण तिथेही शिक्काच असतो, फक्त दुसऱ्या कपाळावर मारलेला. इरावतीबाईंनी भीष्माला खलनायक केलं नाही, त्याच्यामागच्या बायकांना पुढे आणलं. माणूस मोठा ठेवूनही त्याची दुसरी बाजू दाखवता येते.

दुसरी गोष्ट. या कथा कुणासाठी साहित्य आहेत, तर कुणासाठी देवघर. दोघेही एकाच घरात राहतात. चंदखुरीच्या तळ्याकाठी हात जोडणारी आजी आणि ‘युगान्त’ वाचणारी नात यांचं भांडण व्हायलाच हवं असं काही नाही. म्हणून ग्रंथात काय आहे, लोकांनी काय जोडलं आणि आपण स्वतः काय म्हणतोय, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. द्रौपदीबद्दल लिहिताना इरावतीबाईंनी ही माझी भर आहे असं सांगितलं, त्या एका प्रामाणिकपणाने वाचकाचा विश्वास टिकला.

रायपूर, बिलासपूर, दुर्ग, भिलाईतल्या मराठी घरांतल्या मुलांना याबाबत एक जादाची देणगी आहे. घरात आजीची गोष्ट मराठीत, शाळेत धडा हिंदीत आणि शेजारी छत्तीसगढीत पंडवानीचा सूर. एकच भीम त्यांना तीन ठिकाणांहून भेटतो. ‘मुलाचं मराठी कच्चं राहिलं’ म्हणून खंत करणाऱ्या आईबाबांनी हेही ध्यानात घ्यावं. भाषा घासूनपुसून पक्की करता येते. पण एकाच गोष्टीकडे तीन अंगणांतून पाहायची सवय मुद्दाम शिकवून लवकर येत नाही. ती या मुलांना आयती मिळाली आहे, ती फक्त वहीत उतरायला हवी.

या आठवड्यात जेवताना एक खेळ खेळून पाहा. प्रत्येकाने पुराणातलं एक पात्र घ्यायचं, पण मुख्य नाही. मंथरा, ऊर्मिला, संजय, घटोत्कच, विदुराची बायको, खांडववनातलं पिल्लू, कुणीही. आणि तो दिवस त्याच्या नजरेने दोन मिनिटांत सांगायचा. लहान मुलांपासून सुरुवात करा, मोठी माणसं आधी बोलली की सगळे तेच बोलतात. कुणाच्या ऊर्मिलेने काय सांगितलं, ते आम्हाला नक्की कळवा.

पुढच्या वेळी भेटू, आणखी एका शब्दासह.